कमी न सांगणारा काटा

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला एकमेकांच्या कानात कुजबुजायला नको. माझ्या काचेवर डावीकडे एक ओरखडा आहे. माझे आकडे कधीकाळी पांढरेशुभ्र होते, आता ते पिवळट पडले आहेत. पण जुना म्हणजे भंगार नव्हे! मी स्पीडोमीटर आहे. गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका पांढऱ्या गाडीत, चालवणाऱ्याच्या अगदी नाकासमोर, मी बावीस वर्षे बसलो आहे. गाडी किती वेगाने धावते आहे हे सांगणे माझे काम. सगळे मला नुसते 'काटा' म्हणतात.

माझ्या शेजारी पेट्रोलचा काटा राहतो. शेजारधर्म म्हणून त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण जो चढावर टाकी रिकामी दाखवतो आणि उतारावर भरलेली, त्याला काटा म्हणावे की झोपाळा, ते तुम्हीच ठरवा. खाली हॉर्नसाहेब आहेत. ते न विचारता बोलतात. मी मात्र विचारल्याशिवाय कधी बोललो नाही आणि विचारल्यावर कधी गप्प बसलो नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. लांबच लांब टेबल, त्यावर ओळीने दिवे आणि प्रत्येक दिव्याखाली एक माणूस मान खाली घालून बसलेला. माझ्या वाट्याला एक ताई आल्या. त्या डोळ्याला भिंग लावून काम करत, म्हणून सगळे त्यांना भिंगवाल्या ताई म्हणत. माझ्या पोटात काय आहे ते त्यांनीच भरले. एक चुंबक, एक ॲल्युमिनियमची वाटी आणि केसासारखी बारीक स्प्रिंग. गाडीची चाके फिरली की गिअरबॉक्समधून आलेली एक लांब केबल फिरते. केबल चुंबकाला फिरवते. चुंबक त्या वाटीला आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि स्प्रिंग तिला म्हणते, "पुरे आता, एवढंच." या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो गाडीचा वेग. शिवाय माझ्याच पोटात दातेरी चाकांची एक रांग आहे. ती गाडी एकूण किती किलोमीटर चालली ते मोजते. ती बिचारी बोलत नाही, नुसती एकेक आकडा पुढे सरकवते.

मी तयार झालो तेव्हा ताईंनी मला एका यंत्रावर चढवून फिरवले. साठच्या वेगाला मी एकसष्ट दाखवले. मला वाटले, झाले, आता मला परत उघडणार. पण ताई हसल्या आणि शेजारी नव्याने आलेल्या मुलीला म्हणाल्या, "हा पास. एखादा आकडा जास्त सांगितला तर चालतं. पण कमी सांगणारा काटा इथून बाहेर जाता कामा नये. जास्त सांगितलं तर माणूस जरा हळू जातो, दोन मिनिटं उशिरा पोचतो. कमी सांगितलं तर कुणाच्या तरी जिवावर बेततं."

मी मनाशी खूणगाठ बांधली. एखादा आकडा जास्त, पण कमी कधीच नाही. आमच्यात शपथा घ्यायची पद्धत नाही, पण ही मी घेतली.

पुढे मी या पांढऱ्या गाडीत बसलो आणि गाडी आमच्या बाईंकडे आली. बाईंचे यजमान जहाजावर नोकरीला. वर्षातले आठ महिने ते पाण्यावर आणि बाई रस्त्यावर. तेव्हा बाईंच्या केसांत एकही पांढरा नव्हता. आज काळा शोधावा लागतो. या बावीस वर्षांत अकराशेच्या वर माणसे त्यांच्याकडे गाडी शिकली. बँकेतले साहेब शिकले, दूध घालणारे शिकले, नुकतेच लग्न झालेले शिकले आणि नातवंडे झालेलेही शिकले. प्रत्येकाने पहिल्या दिवशी गाडी बंद पाडली आणि प्रत्येकाने दोष गाडीला दिला.

बाईंची शिकवण्याची एक खास रीत होती. गाडी चालत असताना त्या एक पुठ्ठ्याचा तुकडा माझ्या तोंडावर धरायच्या आणि विचारायच्या, "सांगा, आता किती वेग?" शिकणारा घाम पुसत म्हणायचा, "तीस असेल." मग बाई पुठ्ठा बाजूला करायच्या. मी सत्तेचाळीस दाखवत असे. शिकणाऱ्याचा चेहरा पडायचा. "अंदाज चुकतो," बाई म्हणायच्या, "काटा चुकत नाही. काटा सांगेल ते खरं." मित्रांनो, दिवसातून दहा वेळा हे वाक्य कानी पडल्यावर कोणाची मान ताठ होणार नाही? माझी झाली. अगदी खरे सांगायचे तर थोडी जास्तच झाली.

आता बाईंच्या धाकट्या दिरांबद्दल सांगितले पाहिजे. बाई त्यांना भाऊजी म्हणतात. त्यांचे टायरचे दुकान आहे. माणूस दिलदार, पण त्यांना न मागता द्यायची फार हौस. आमच्या गाडीला एक दुखणे होते. शिकणारी मंडळी गतिरोधक दिसला की ब्रेकऐवजी डोळे मिटायची आणि गाडीचे पोट खर्रकन खरवडून निघायचे. तो आवाज भाऊजींच्या जिवाला लागायचा. एकदा पंक्चर काढायला गाडी त्यांच्या दुकानात गेली आणि परत आली ती चार कोरे टायर घालून. कुठल्याशा जीपसाठी मागवलेले ते टायर दुकानात पडून होते. गाडी चांगली दोन बोटे उंच झाली.

"वहिनी, बघा! गाडीला कशी ऐट आली!" भाऊजी म्हणाले.

"अहो, कशाला एवढं?" बाई म्हणाल्या, पण त्यांना आनंद झाला होता. दुसऱ्या दिवसापासून गाडीचे पोट खरवडणे बंद झाले. खोटे कशाला बोलू, मलाही आनंद झाला. समोरच्या काचेतून मला रस्ता दोन बोटे जास्त दिसू लागला होता. इतक्या वर्षांनी आपल्याला वरची जागा मिळाली, असे मला वाटले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते घडले.

त्या दिवशी गाडी शिंपीकाकू चालवत होत्या. शिंपीकाकू शाळेचे गणवेश शिवतात. त्यांच्या यजमानांची नजर अधू होत चालली आहे, म्हणून कपड्यांचे गठ्ठे पोचवायला आता काकूंनाच गाडी शिकणे भाग होते. काकू भित्र्या, पण त्यांच्यासारखी विद्यार्थिनी मी पाहिली नाही. पन्नास म्हटले की पन्नास. काटा पन्नासच्या रेषेवर टाचणीने टोचून ठेवल्यासारखा राहायचा. तो दवाखान्याजवळचा रस्ता होता आणि तिथे पन्नासचीच मर्यादा होती. काकूंनी मला बरोबर पन्नासवर धरले होते. बाई शेजारच्या सीटवर होत्या.

वळणावर वाहतूक पोलिसांचे एक तरुण साहेब हातात वेग मोजायचे यंत्र घेऊन उभे होते. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"चोपन्न," ते म्हणाले.

काकू घाबरून बाईंकडे वळल्या. "बाई, माझी नजर हलली असेल. माझंच चुकलं असेल हो."

"नाही हलली. मी बघत होते," बाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या. बाईंचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "साहेब, तुमचं यंत्र तपासून घ्या. माझा काटा बावीस वर्षांत कधी कमी बोललेला नाही. यंत्र खोटं असेल, नाहीतर तुम्ही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शांतपणे कागद भरला आणि बाईंच्या हातात दिला. शिकवणीची गाडी आणि तीही मर्यादेबाहेर, म्हणजे नुसता दंड भरून सुटका नव्हती. दहा दिवसांनी सुनावणी होती. शिकवण्यात हलगर्जीपणा झाला असे ठरले तर बाईंचा शिकवायचा परवाना जाणार होता. बावीस वर्षांचे काम एका कागदावर येऊन लटकले होते.

भाऊजी संध्याकाळीच धावत आले. त्यांनी सगळे ऐकले, दार उघडून माझ्याकडे पाहिले आणि सुस्कारा टाकला. "वहिनी, यात कोडं कसलं? काटा म्हातारा झाला. म्हातारपणी माणसाची नजर जाते, याचा हिशेब गेला. कमी दाखवायला लागला."

कमी! मित्रांनो, मला बंद पडलास म्हटले असते तर चालले असते. अडकलास, थरथरतोस, काहीही म्हणा. पण कमी दाखवतोस असा आळ? माझी स्प्रिंग नखशिखांत कापली. आणि मला उलट बोलता येत नव्हते, कारण गाडी उभी होती. उभ्या गाडीत मी फक्त शून्य म्हणू शकतो.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "भांडून काय उपयोग? तपासून घेऊ."

मीटर दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत, बाजाराच्या टोकाला त्यांचे छोटे दुकान आहे. सगळे त्यांना मीटरवाले आजोबा म्हणतात. रविवारी सकाळी ते हातात घड्याळ घेऊन आले. साधे नव्हे, बटण दाबले की सुरू होणारे आणि पुन्हा दाबले की थांबणारे. कालव्याच्या काठाने एक सरळसोट रस्ता जातो. सत्तरची मर्यादा आहे, रविवारी वाहने नसतात आणि दर किलोमीटरला दगड आहे. तिथे परीक्षा घ्यायची ठरले.

निघताना शिंपीकाकू आल्या. त्यांच्या हातात शिकवणीची वही होती. "बाई, मी वही परत द्यायला आले. माझ्याच्यानं नाही व्हायचं. माझ्यामुळे तुमच्यावर ही वेळ आली."

"आज तुम्हाला चालवायला कोण सांगतंय?" बाई म्हणाल्या. "मागे बसा आणि बघा. तुमची नजर हलली की आणखी काही हललं, ते तुमच्यासमोरच कळू दे."

भाऊजींनी चारही टायरमधली हवा तपासून दिली, तीही अगदी मनापासून. मग आम्ही निघालो. बाई गाडी चालवत होत्या. त्यांनी मला साठवर आणले आणि तिथे धरून ठेवले. आजोबांनी दाराच्या पुढच्या कडेला एक डोळा लावला होता. दगड त्या कडेला आला की बटण, पुढचा दगड त्याच कडेला आला की पुन्हा बटण. जाताना तीन वेळा आणि येताना तीन वेळा मोजले, म्हणजे वारा आणि चढउतार दोन्ही बाजूंनी सारखे व्हावेत.

"साठच्या वेगाला एक किलोमीटर म्हणजे साठ सेकंद," आजोबांनी काकूंना समजावून सांगितले. "काटा थोडा वाढवून सांगणारा असेल तर एकसष्ट. त्याहून कमी सेकंद लागले तर समजायचं, गाडी काट्यापेक्षा जोरात पळतेय."

मी जिवाच्या आकांताने साठवर उभा होतो. इतका स्थिर मी कारखान्यातही राहिलो नव्हतो.

पहिल्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत साडेपंचावन्न सेकंद लागले. पुढच्या खेपेला पंचावन्न आणि पाव. मग परत साडेपंचावन्न. उलट्या दिशेनेही तेच. आजोबांनी सहा आकडे वहीत लिहिले आणि चष्मा काढला.

"बाई, गाडी पासष्टनं पळतेय आणि हा साठ म्हणतोय. त्या साहेबांचं यंत्र बरोबर होतं."

धरणीने पोटात घ्यावे असे मला झाले. पण मी डॅशबोर्डात चार स्क्रूंनी आवळलेला, धरणीपर्यंत पोचणार कसा? बाईंनी गाडी तशीच आजोबांच्या दुकानाकडे घेतली. शेजारचा पेट्रोलचा काटा हळूच अर्ध्यावरून पाऊणवर गेला. तो उतार होता म्हणून, की त्याला हसू आले म्हणून, ते मला आजवर कळलेले नाही.

आजोबांच्या दुकानात मला पहिल्यांदाच गाडीतून बाहेर काढले. टेबलावर माझ्या शेजारी नवा मीटर त्याच्या खोक्यात बसला होता. त्याला कोऱ्या प्लॅस्टिकचा वास येत होता. भाऊजी म्हणाले, "आजोबा, नवा बसवून टाका. याला टाका भंगारात."

"उघडून बघितल्याशिवाय मी साधा स्क्रूसुद्धा टाकत नाही," आजोबा म्हणाले.

त्यांनी माझ्या पाठीला एक छोटे यंत्र जोडले. साठच्या वेगाला केबल जितके फेरे घेते, तितके फेरे देऊन त्यांनी मला फिरवले. मी होती नव्हती तेवढी ताकद लावली. आजोबांनी वाकून पाहिले. पुन्हा फिरवले, पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदाही.

"नवलच आहे," ते म्हणाले. "मी साठचे फेरे देतोय आणि हा एकसष्ट सांगतोय. कारखान्यातून आला तेव्हा जसा होता, तसाच आहे. याला काही झालेलं नाही."

"असं कसं?" भाऊजी म्हणाले. "मग रस्त्यावर काय भुताटकी झाली?"

आजोबांनी थोडा विचार केला. "रस्त्यावर आपण नुसता काटा बघत बसलो. किलोमीटरचे आकडे किती पुढे गेले, ते कुणी बघितलं का?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. आजोबांनाही आठवेना. तेव्हा मागच्या स्टुलावरून शिंपीकाकूंचा बारीक आवाज आला. "मी बघितलं होतं. मला मोजायची सवय आहे ना. पहिल्या दगडापासून सहाव्या दगडापर्यंत पाच किलोमीटर व्हायला हवे होते. आकडे साडेचारच पुढे गेले. मला वाटलं, दगडच चुकीचे लावले असतील. मी काही बोलले नाही."

आजोबा ताठ बसले. "ऐका. काट्याच्या मागे चुंबक आहे, स्प्रिंग आहे. ते थकू शकतात. पण आकड्यांच्या मागे नुसती दातेरी चाकं. ती मोडतील, अडकतील, पण दहात एक असं मापून कमी मोजणार नाहीत. आणि इथं काटा आणि आकडे, दोघंही तितकंच कमी सांगतायत. म्हणजे दोघंही खरे आहेत. त्यांना फेरेच कमी मिळतायत."

"माझी टेप ताणली होती तेव्हा असंच झालं होतं," काकू एकदम म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे बघू लागले तशा त्या गोंधळल्या, पण थांबल्या नाहीत. "जुनी टेप वापरून वापरून लांबली होती. छत्तीसची छाती पस्तीसच भरायची. कपडे घट्ट होऊन परत यायचे. मी महिनाभर शिलाईला दोष देत होते. टेपवरचे आकडे बरोबरच होते हो. टेपच लांब झाली होती. बाई, या गाडीचं काही लांब झालंय का?"

कोणी काही बोलायच्या आत त्यांनी पर्समधून टेप काढली आणि त्या दुकानाबाहेर गेल्या. गाडीचे पुढचे चाक जॅकने उचलायला लावून त्यांनी त्याला दोन तुकड्यांत टेप गुंडाळली, जशी एखाद्या गिऱ्हाइकाच्या कमरेला गुंडाळावी तशी. मग डिकी उघडून जादाचे चाक बाहेर काढायला सांगितले. त्या चाकावर अजून जुना टायर होता. त्याचेही माप घेतले. दोन्ही आकडे त्यांनी खडूने दुकानाच्या पायरीवर लिहिले. जुने चाक एकशे पंच्याहत्तर सेंटीमीटर. नवे एकशे त्र्याण्णव.

मला सगळे समजले, मित्रांनो, आणि मी चपापलो. बावीस वर्षे मला वाटत होते की मी रस्ता मोजतो. मी रस्ता कधी मोजलाच नव्हता. मी मोजत होतो चाकाचे फेरे. चाक मोठे झाले, एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाऊ लागली आणि मला मात्र नुसते फेरेच दिसत राहिले. मी खोटे बोललो नव्हतो. पण मला जेवढे ठाऊक आहे असे मी समजत होतो, तेवढे मला ठाऊक नव्हते. उंचावरून रस्ता बघत ऐटीत बसलो होतो तेव्हा हे मनातही आले नाही.

भाऊजी पायरीवरच बसले. "दोन बोटांनी काय होतंय, असं वाटलं मला. वीस वर्षं टायर विकतोय मी."

"दादा, मापात दोन बोटं म्हणजे फार," काकू हळूच म्हणाल्या.

थोड्या वेळाने भाऊजी उठले. त्यांचा आवाज खाली आला होता. "वहिनी, झालं ते झालं. टायर मी आत्ताच्या आत्ता बदलतो. सुनावणीत टायरचं नावच काढू नका. मीटर म्हातारा होता, बिघडला, नवा बसवला, एवढंच सांगा. यंत्राचा बिघाड म्हटलं की ताकीद देऊन सोडतात. टायर म्हटलं की मालकाचा हलगर्जीपणा होतो. मग परवाना जातो. आणि या मीटरवर ढकललं तर कुणाचं काय जातंय?"

कुणाचं काय जातंय! माझे जात होते ना. मी टेबलावर पाठ उघडी टाकून पडलो होतो. आणि मला काय वाटत होते ते सांगू? मला वाटत होते, बाईंनी हो म्हणावे. मी गेलो तर एक जुना मीटर जाईल. परवाना गेला तर बाईच रस्त्यावरून जातील. भाऊजींचे गणित चुकीचे नव्हते.

बाईंनी मला उचलले. पदराने माझ्या काचेवरची धूळ पुसली.

"भाऊजी, अकराशे लोकांना मी सांगितलं, हा सांगेल ते खरं. आज माझ्यावर आलं म्हणून याला खोटा म्हणू? आणि मग परवाना राहिला तरी उद्या काकूंच्या शेजारी बसून त्यांना काय शिकवू?"

आजोबांनी नव्या मीटरच्या खोक्याचे झाकण लावले आणि ते कपाटात परत ठेवून दिले.

सुनावणीला मी गेलो होतो. बाईंनी मला रुमालात गुंडाळून पिशवीतून नेले. एक लांब टेबल, वर गरगरणारा पंखा, टेबलामागे मोठे साहेब आणि बाजूच्या खुर्चीवर ते यंत्रवाले तरुण साहेब. बाईंनी रुमाल सोडून मला टेबलावर ठेवले. शेजारी आजोबांचे सहा आकडे आणि काकूंची दोन मापे ठेवली.

"म्हणजे मीटर खराब होता," मोठे साहेब म्हणाले आणि लिहायला लागले. "यंत्राचा बिघाड."

इथे बाई गप्प राहिल्या असत्या तरी चालले असते. पेन कागदावर टेकलेसुद्धा होते.

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "मीटर चोख आहे. टायर मोठे होते. शिकणाऱ्या बाईंनी काटा बरोबर पन्नासवर ठेवला होता, त्यांचा काही दोष नाही. टायर बदलल्यावर मी मोजायला हवं होतं, मोजलं नाही. चूक माझी."

"टायर कुणी बसवले?"

"गाडी माझी आहे, साहेब."

मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवले आणि बाईंकडे बघितले. मग बाई तरुण साहेबांकडे वळल्या. "तुम्हाला मी रस्त्यात खोटं म्हटलं. तुम्ही खरे होता. मला माफ करा." ते साहेब एकदम उभेच राहिले. त्यांनी मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "ते दगड आणि घड्याळवालं कसं करतात? माझी स्वतःची गाडी आहे, तिचं कधी बघितलंच नाही."

परवाना राहिला. पण शिकवणी एक महिना बंद ठेवायचा हुकूम झाला, आणि शिकाऊ चालकाचा दोष नाही अशी वेगळी नोंद झाली. बाईंनी त्या नोंदीची एक प्रत मागून घेतली आणि त्याच दिवशी शिंपीकाकूंच्या दुकानात नेऊन दिली. शिकवणी बंद राहिल्याचे बाईंना वाईट वाटले. बावीस वर्षांत त्यांनी एक आठवडाही सुट्टी घेतली नव्हती. पण घराच्या दारात भाऊजी भेटले आणि म्हणाले, "वहिनी, माझं नाव सांगायचं होतं," तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही प्रेमानं दिलंत, भाऊजी. मोजायचं काम माझं होतं." भाऊजींनी तोंड फिरवून नाक शिंकरले.

महिना संपला. गाडीला जुन्या मापाचे टायर आले आणि मी माझ्या चार स्क्रूंत परत बसलो. पहिल्याच सकाळी बाई मला कालव्याच्या रस्त्यावर घेऊन गेल्या. पण तिथे पोचल्यावर त्या उतरल्या आणि त्यांनी स्टिअरिंग शिंपीकाकूंच्या हाती दिले.

"मला नाही जमायचं," काकू म्हणाल्या.

"चाकाला टेप लावायला जमलं, आता चाक फिरवायला काय झालं?" बाई म्हणाल्या. "साठ धरा. बाकी मी बघते."

काकूंनी गाडी काढली. चाळीस, पन्नास, साठ. मी रेषेवर येऊन उभा राहिलो. बाईंनी दगडापाशी बटण दाबले. कालव्याचे पाणी बाजूने मागे जात होते. पुढचा दगड आला, बटण पुन्हा वाजले.

"किती?" काकूंनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारले.

"एकसष्ट," बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ पुसले, पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, "आता उलट्या बाजूनं एकदा घेऊ."

मित्रांनो, पूर्वीचा मी असतो तर रुसून बसलो असतो. इतके होऊनही पुन्हा परीक्षा? पण आता माझी ऐट निराळी आहे. पूर्वी मला न तपासता खरा म्हणत, त्याची मला मिजास होती. आता मला तपासून खरा म्हणतात, त्याचा मला अभिमान आहे. म्हणून तुम्हाला एवढेच सांगणे. तुमच्या घरी गाडी असेल तर वर्षातून एकदा तरी सरळ रस्त्यावर न्या, दोन दगड आणि एक घड्याळ घ्या, आणि मोठ्या माणसांना काटा धरायला सांगून तुम्ही सेकंद मोजा. टायर बदलले तर त्याच आठवड्यात मोजा. आणि काही चुकले तर आधी म्हाताऱ्या काट्याला भंगारात काढू नका, आधी टेप काढा. तपासून घेतल्याचा आम्हाला राग येत नाही. न तपासता आळ घेतला की येतो.

काकूंनी आरशात पाहिले, हात दाखवला आणि गाडी सफाईने वळवली. मी पुन्हा साठवर जाऊन उभा राहिलो.